हलव्याच्या हाराचा काटेकोर फोटो

"फोटो ना? त्यात काय एवढं!"

हे वाक्य भगवानरावांनी संक्रांतीच्या आधी चार दिवस, स्वतःच्या ओट्यावर बसून, चार माणसांसमोर उच्चारलं. नोंदणी कचेरीत अहलकार म्हणजे कारकून असलेल्या माणसानं साक्षीदारांपुढं बोलताना किती जपावं, हे त्यांना ठाऊक असायला हवं होतं. लोकांचे कागद नोंदवताना ते एकेक शब्द तीन-तीनदा वाचत. स्वतःचं वाक्य मात्र एकदाही न वाचता सोडून दिलं.

औरादच्या अलीकडं दोन कोसांवर त्यांचं तळेगाव. गावात कचेरी होती, पोलीस चौकी होती, आठवड्याला बाजार भरत होता, आणि भगवानरावांची बायको राजूबाई हलव्याचे दागिने करत होती. यातली शेवटची गोष्ट पंचक्रोशीत दुसरीकडं कुठं नव्हती. ही विद्या तिनं माहेरी, उदगीरला, शेजारच्या वकिलीणबाईंकडून उचलली होती. पहाटेच्या गारठ्यात मंद निखाऱ्यावर परात ठेवायची, तिळावर चमचा-चमचा पाक सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचं. तीन-चार पहाटा गेल्या की तिळावर साखर चढायची, साखरेवर काटा फुटायचा. मग ते दाणे दोऱ्यात ओवून हार, बाजूबंद, बिंदी, तन्मणी, मंगळसूत्र असं सगळं घडायचं. गावातल्या नव्या सुना आणि तान्ही पोरं ते अंगावर घालून मिरवायची आणि दिवस मावळायच्या आत चावून खायची. बारा वर्षं राजूबाई दागिने घडवत होती, आणि बारा वर्षांतला एक दाणाही शिल्लक नव्हता.

त्या साली तिच्या भावानं हैदराबादेहून एक छापील कागद पाठवला. तिथल्या कुठल्याशा महिला मंडळानं हातानं घडवलेल्या दागिन्यांचं प्रदर्शन मांडायचं ठरवलं होतं. जिन्नस नाशिवंत असेल तर फोटो चालेल, पण दाणा न् दाणा स्पष्ट दिसावा. पुसट फोटो विचारात घेतले जाणार नाहीत. आखिरी तारीख, उर्दिबेहेश्तची पाच. ही निजामी तारीख आपल्याकडं कधी उगवते यावर ओट्यावर अर्धा तास खल झाला आणि शिमग्याच्या आगंमागं असं ठरलं.

राजूबाई काही मागणारी बाई नव्हती. तिनं तो कागद चहाच्या कपाबरोबर नवऱ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, "बघा बरं, ह्यात काय करता येतंय का." बस. त्यावर भगवानरावांनी ते वाक्य टाकलं.

कॅमेरा गावात एकच होता. कापडवाले रामकिशनशेठ यांच्या जावयानं त्यांना दिलेला काळा डबा. शेठनी तो देव्हाऱ्याशेजारी ठेवला होता आणि दसऱ्याला त्याला हळद-कुंकू वाहत. त्यांनी तो देताना भगवानरावांना अर्धा तास उपदेश केला: डबा उन्हाकडं तोंड करून धरू नका, दाबताना श्वास घेऊ नका, आणि एका गुंडाळीत आठच फोटो असतात, तेव्हा आधी मनात काढून बघा आणि मग डब्यात काढा. स्वतः शेठनी आजवर सगळे फोटो मनातच काढले होते.

भगवानरावांनी संक्रांतीच्या दिवशी दारातल्या उजेडात दागिने मांडले. कारागिरी दिसायची तर जवळ गेलं पाहिजे, हा सरळ हिशोब. ते इतके जवळ गेले, की डब्याचं नाक तन्मणीला टेकलं. आठ वेळा खटका दाबला. गुंडाळी मोटारीनं बीदरला फोटोवाल्याकडं गेली आणि दागिने रीतीप्रमाणे गल्लीच्या पोटात गेले.

बारा दिवसांनी पाकीट आलं. आठही फोटोंत दाट धुकं पडलं होतं. एकात धुक्याच्या मधोमध काहीतरी गोल होतं, त्याला फोटोवाल्यानं मागं लिहिलं होतं, "जिलेबी असावी." खाली सल्ला होता: या डब्याला दहा फुटांच्या आतलं स्पष्ट दिसत नाही.

"मग दहा फुटांवरून काढा की," राजूबाई म्हणाली.

"दहा फुटांवरून तुझा हार मुगाच्या डाळीएवढा दिसेल."

"मग?"

भगवानराव ओट्यावर येऊन बसले. गल्लीत बातमी पोचलेलीच होती. समोरच्या घरातली चन्नव्वा माळवदाच्या गच्चीवरून ओरडून म्हणाली, कॅमेऱ्याला दृष्ट लागली असंल, मीठ-मिरच्या उतरून टाका. कचेरीतल्या शिपायानं सांगितलं, डबा गावठी तुपानं पुसा. भगवानरावांनी हे सगळं गंभीर चेहऱ्यानं ऐकून घेतलं. हसावं तर लोक दुखावतील, रागवावं तर फोटो आपलाच बिघडलेला.

शेजारच्या काशाप्पांनी मात्र डबा मागून घेतला. टपालखात्यातून निवृत्त झालेला हा माणूस. चाळीस वर्षं पत्ते वाचून डोळे गेलेले, आता नाकावर जाड भिंगांचा चष्मा. त्यांनी तो उलटा-सुलटा करून बघितला.

"भगवानराव," ते म्हणाले, "ह्याला लांबचं दिसतंय का?"

"दिसतंय अप्पा. शेठच्या जावयानं किल्ला काढलाय, ब्येस आलाय."

"अन् जवळचं दिसत न्हाई?"

"न्हाई."

"मंग कामून डोकं फोडायलाव? मला बी तसंच हाय. वेशीतला माणूस वळखू येतोय, ताटातली भाकर वळखू येत न्हाई. ह्या डब्याला म्हातारपण आलंय. त्याला माझा चष्मा लावा."

ओट्यावर आधी हशा पिकला, मग एकेकजण डब्याकडं निरखून बघू लागला. भगवानरावांनी आयुष्यात इतक्या कचेऱ्यांची मतं ऐकली होती, पण इतकं बिनचूक मत कुणी दिलं नव्हतं.

"पण अंतर किती धरायचं, अप्पा?"

काशाप्पांनी विडी काढली, ओट्याखाली उन्हात उतरले, चष्मा काढून विडीच्या टोकावर धरला, खाली-वर केला. उन्हाचा ठिपका बारीक झाला, धूर निघाला. "काडीपेटी संपली की मी असंच करतो. एक वीत, चार बोटं. ह्याच्या पुढं नको, मागं नको."

आता अडचण एकच होती. दागिने गल्लीनं खाल्ले होते आणि थंडी सरत आली होती. उबेला हलव्याला काटा धरत नाही. राजूबाईनं परात पुन्हा काढली. सात पहाटा ती माळवदावर, मिळेल त्या गारव्यात, शेगडी घेऊन बसली. बोटांना फोड आले. तिसऱ्या पहाटे आभाळ आलं आणि सगळा पाक मऊ पडला, तो तिनं पोरांना वाटून टाकला आणि पुन्हा तीळ घेतले. आठव्या दिवशी सगळा साज पाटावर मांडून झाला तेव्हा भगवानरावच दोन पावलं मागं सरले. हार तर असा होता, की हात लावायची भीती वाटावी.

फोटो माळवदावर काढायचा ठरला, कारण चष्म्यातून बघणाऱ्या डब्याला ऊन जास्त लागेल असं काशाप्पांचं म्हणणं होतं. राजूबाईची काळी चंद्रकळा पाटावर अंथरली. डबा पालथ्या पायलीवर ठेवला आणि त्याच्या नाकावर सुतळीनं चष्मा बांधला. तो बांधल्यावर डबा हुबेहूब निवृत्त झाल्यासारखा दिसू लागला. अंतराला एक वीत चार बोटांचा दोरा. काशाप्पांना चष्म्यावाचून जवळचं काही दिसत नव्हतं, तरी ते दर खटक्याला "जरा अलीकडं, जरा पलीकडं" असं सांगत होते, आणि एकदा स्वतःच डब्यापुढं येऊन "हार कुठं हाय?" म्हणून वाकले. तेवढ्यात भगवानरावांचा खटका दाबला गेला. वारा आला की दोरा हलायचा. टोपीची सावली पडायची, म्हणून भगवानरावांनी टोपी काढली; ते उघड्या डोक्यानं चारचौघांत आयुष्यात पहिल्यांदाच उभे होते. जवळून बघताना आणखी एक घोळ असा, की डब्याची खिडकी वर आणि डोळा खाली. खिडकीत अख्खी दिसणारी बिंदी डोळ्याला अर्धीच दिसते. ही गोष्ट भगवानरावांना चौथ्या फोटोनंतर कळली.

कशीबशी आठ खटक्यांची गुंडाळी संपली आणि संध्याकाळच्या मोटारीनं बीदरला गेली. डबा शेठकडं गेला, चष्मा काशाप्पांच्या नाकावर गेला. राजूबाईनं दागिने गल्लीत वाटले.

हे सगळं समोरच्या माळवदावरून चन्नव्वा पाहत होती. तिनं विहिरीवर एवढंच सांगितलं, की भगवानराव माळवदावर दागिने वाळवायलाय. तिला दिसलं तसंच तिनं सांगितलं. पण विहिरीवरून बाजारात जाईपर्यंत त्याला पाय फुटले. दागिने वाळत घालावे लागतात म्हणजे किती असतील? ओले कशानं झाले? पुरून ठेवले असतील, ओल लागली असेल. कचेरीतला अहलकार, पगार तो केवढा, आणि दागिने पापडासारखे वाळत घालतोय!

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकीवर नव्यानं बदलून आलेले फौजदार, अमीनसाहेब, दोन जवान घेऊन दारात हजर झाले.

"क्या जी भगवानराव, सुने बहोत जेवर सुखाते बोल्के?"

"साहेब, ते हलव्याचे."

"किसके?"

"हलव्याचे. साखरेचे."

"शक्कर का जेवर?" अमीनसाहेबांनी जवानाकडं बघितलं. "मेरेकू पागल समझे क्या? कां है वो?"

"खाल्ले, साहेब."

"कौन खाया?"

भगवानरावांनी गल्लीकडं पाहिलं. जमलेली गल्ली खाली पाहू लागली. "गल्लीनं," ते म्हणाले.

मग ओट्यावर पंचनामा सुरू झाला. एक जवान उर्दूत लिहीत होता, दुसरा माणसं बोलावत होता. एक अदद हार, खानेवाला कौन? कुणी पुढं येईना. काल मिटक्या मारणारी माणसं आज तोंड पुसून उभी होती. शेवटी काशाप्पांची बायको म्हाळसाबाई पदर खोचून पुढं आली.

"लिवा. एक बाजूबंद म्या खाल्ला. दुसरा ह्यांनी."

"क्यों जी काशाप्पा?"

"मला काय व्हतं ते दिसलं न्हाई साहेब. गोड व्हतं."

मग भीड चेपली. कुणी चार बांगड्या कबूल केल्या, कुणी अर्धी बिंदी. हार सात घरांत वाटला गेल्याचं निष्पन्न झालं. तन्मणी एका म्हाताऱ्यानं दात नसल्यामुळं दुधात भिजवून घेतला होता. तेही लिहिलं गेलं.

"और मंगलसूत्र? वो कौन खाया?"

आता मात्र सगळ्या बायका कानांवर हात ठेवून मागं सरल्या.

"मंगळसूत्र कोण खाईल साहेब?" राजूबाई दाराआडून म्हणाली. "ते म्या पाण्यात विरघळवून तुळशीला घातलं."

"सोना पानी में घोली?"

"सोनं न्हाई वो, साखर!"

अमीनसाहेबांनी कपाळ पुसलं. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी चोरीचा माल विहिरीतून काढला होता, कडब्याच्या गंजीतून काढला होता. खाल्लेला माल कसा जप्त करतात हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी त्यांनी जवानाला सांगितलं, "लिख. मुद्देमाल हजम."

कागद भगवानरावांच्या कचेरीतल्या वरिष्ठांपुढं, नायबसाहेबांपुढं गेला. हे गृहस्थ लखनवी अदबीचे, हळू बोलणारे, आणि त्यामुळंच भीतीदायक. भगवानराव हात बांधून उभे राहिले आणि म्हणाले, "हुजूर, माझी बायको चार दिवसांत नवा हार करून दाखवेल."

नायबसाहेब दुःखानं हसले. "अब शक्कर का हार बन भी गया, तो उससे कल का हार शक्कर का कैसे साबित हुआ, भगवानराव?"

सोळा वर्षं भगवानराव स्वतः लोकांना असेच प्रश्न विचारत आले होते. पुरावा एकच उरला होता, बीदरला धुवायला गेलेली गुंडाळी. फोटो येईपर्यंत अहलकारानं कपाटाच्या किल्ल्या ठेवून घरी बसावं, असा हुकूम झाला.

घरी बसण्यात भगवानरावांना सगळ्यात काय सलत असेल, तर लोकांचे नमस्कार. ते वाढले होते. सोळा वर्षं इमानानं नोकरी केली तेव्हा बाजारात कुणी मान वर करून बघितलं नाही. आता सावकार उठून उभा राहायचा. एक गृहस्थ तर मुलाचं स्थळ घेऊन आले. भगवानरावांना मुलगी नाही म्हटल्यावर हिरमुसून म्हणाले, "पुतणी तरी?" भगवानराव आत येऊन खांबाला टेकून बसले.

"राजू, माझी नोकरी तुझ्या काट्यावर लटकलीया," ते म्हणाले. "फोटोत काटा दिसला तर साखर. न्हाई दिसला तर मी चोर."

"दिसंल," राजूबाई म्हणाली. पण त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं.

नवव्या दिवशी पाकीट आलं. ते थेट नायबसाहेबांच्या हातात गेलं. मेजाभोवती अमीनसाहेब, भगवानराव, जबाबासाठी बोलावलेले काशाप्पा, आणि दारात मावेल तेवढी गल्ली. नायबसाहेबांनी एकेक फोटो मेजावर ठेवला. पहिल्यात माळवदाचा कठडा. दुसऱ्यात भगवानरावांचा अंगठा. तिसऱ्यात अर्धी बिंदी आणि भोवती धुकं. चौथ्यात काहीतरी केसाळ.

"ये क्या है?"

"माझी मिशी वाटायलीय," काशाप्पा वाकून म्हणाले. "ब्येस आलीय. केस न् केस मोजून घ्या."

पाचवा, सहावा, सातवा धुक्यात गेले. आठवा ठेवला आणि दारातली गल्ली माना उंचावून आत सरकली. काळ्या चंद्रकळेवर हार पसरलेला होता, पांढराशुभ्र.

नायबसाहेबांनी फोटो हातभर लांब धरला. "मोती," ते हळूच म्हणाले. "भगवानराव, ये तो मोती के दाने लगते हैं."

सोन्याचा आळ होता तोवर बरं होतं. आता मोत्यांचा आला. आणि मोती कुठून आणले हे तर सोनं कुठून आणलं यापेक्षाही सांगायला अवघड.

"हुजूर," काशाप्पांनी चष्मा काढून पुढं केला, "बेअदबी माफ. तुमचं बी वय झालंय. हे लावून बघा."

अमीनसाहेबांनी डोळे मिटून घेतले. पण नायबसाहेबांनी चष्मा घेतला, डोळ्यांवर चढवला, फोटो जवळ आणला, लांब नेला, एक वीत चार बोटांवर थांबले.

"काँटे हैं," ते पुटपुटले. "हर दाने पर काँटे." मग त्यांची भुवई वर गेली. "अमीनसाहब, इधर आइए. ये दाने पे क्या चिपका है?"

अमीनसाहेब वाकले. "मुंगळा दिखता है हुजूर. काला. छे के छे पाँव दिख रए. मुँह अंदर घुसेड के बैठा."

नायबसाहेबांनी चष्मा काढला, हळूच पुसला आणि काशाप्पांना परत दिला. "अमीनसाहब, आपने कभी सोने को मुंगळा लगा देखा?"

"कब्बी नईं हुजूर."

"मोती को?"

"नईं हुजूर."

"तो मुकदमा खत्म." त्यांनी लेखणी बुडवून खटल्याच्या कागदांवर, मिसलीवर, दोन ओळी ओढल्या. साक्षीदारांच्या यादीत शेवटी 'एक अदद मुंगळा' असं लिहिलं गेलं, हे भगवानरावांनी उलट्या बाजूनं वाचलं. त्या फोटोच्या दोन प्रती होत्या. एक मिसलीला टाचली, दुसरी नायबसाहेबांनी स्वतः भगवानरावांच्या हातात दिली आणि म्हणाले, "आपकी बेगमसाहिबा को हमारा सलाम कहिए. ऐसी कारीगरी हमने नहीं देखी."

भगवानराव घरी आले ते जवळजवळ पळतच. टोपी वाकडी, हातात फोटो. काशाप्पा मागून धापा टाकत आले आणि चष्मा काढून राजूबाईपुढं धरला. "घे अक्का, तू बी बघ. लई ब्येस आलाय."

राजूबाईनं हात धुतले, पदरानं पुसले, चष्मा लावला आणि फोटो घेऊन दारात उजेडाला गेली. बारा वर्षांत पहिल्यांदा तिचा हार तिच्यासमोर होता आणि तो कुणी खाणार नव्हतं. ती बघत राहिली. भगवानराव वाट बघत राहिले. रडेल, असं त्यांना वाटलं. निदान आपल्याबद्दल दोन शब्द बोलेल असं तर नक्कीच वाटलं.

"अवं," ती म्हणाली, "हे बघा."

"काय?"

"खालून पाचवा दाणा. एका अंगाला काटा आलाय, दुसऱ्या अंगाला टकला हाय."

भगवानरावांनी चष्मा लावून बघितलं. दाणा खरोखर टकला होता. फोटोच इतका स्पष्ट आला होता, की लपवायला जागा नव्हती.

"अगं, ह्या फोटोनं नोकरी वाचली माझी! नायबसाहेबांनी सलाम सांगितलाय तुला!"

"नोकरी वाचली ते देवानं ब्येस केलं. पण हे म्या हैदराबादेला पाठवणार न्हाई."

"एक दाणा! शे-दीडशे दाण्यांत एक! कुणाला दिसणार हाय तो?"

"मला दिसायलाय की."

काशाप्पांनी भगवानरावांकडं बघितलं, भगवानरावांनी काशाप्पांकडं. राजूबाईनं फोटो नीट पदरानं पुसून कुंकवाच्या डबीखाली पालथा ठेवला. "आखिरी तारखेला किती दिस राहिले?"

"वीस," भगवानराव म्हणाले. "पण राजू, शिमग्याआधीच ऊन तापायलंय. काटा धरणार न्हाई."

"पहाटं बघू. चार वाजता वारा गार असतोय."

तिनं फळीवरून परात काढली आणि तीळ निवडायला घेतले. भगवानरावांनी काहीतरी ठणकावून बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात तिळात फिरणारी तिची बोटं त्यांना दिसली, मागचे फोड अजून ओलेच होते. त्यांनी टोपी खुंटीला अडकवली आणि कोळसे भरून शेगडी फुंकायला बसले.